मावशीच्या गावावरचं भोक

मित्रांनो, जवळ या, पण हात जरा जपून लावा. मी एक जुना नकाशा आहे आणि माझ्या घड्या आता फाटायला आल्या आहेत.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कसा करकरीत होतो! जाड कापडावर चिकटवून मला परराष्ट्र खात्याच्या बैठकीच्या खोलीत टांगले. मोठमोठे अधिकारी माझ्यापुढे उभे राहून बोलत. काय तो मान!

माझ्या वरच्या कोपऱ्यात डोंगरापलीकडचा मुलूख आहे. उंच प्रदेश म्हणून छापणाऱ्याने त्याला तपकिरी रंग दिला. पण मोठे साहेब तिथे छडी टोचून म्हणत, "रंगच बघा ना! उजाड मुलूख आणि माथेफिरू माणसं." तिकडे कधीच न गेलेले सगळे जण माना डोलावत.

एकदा घाटातून तिकडची बस सुरू करायची का, यावर बैठक झाली. टिपणे घेणाऱ्या ताई एरवी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"साहेब, माझी धाकटी बहीण तिकडे दिलीय. माझी मुलगी चालायला लागली, पण बहिणीनं अजून तिला पाहिलेलं नाही."

"अहो ताई, तुमची बहीण गुणाची असेल हो. पण तिच्यामागून गाडीभर गुंड उतरले तर निस्तरणार कोण?"

"तिच्यामागून तिची सासू उतरेल, साहेब. तीही हळूहळू. गुडघे धरलेत."

सगळे हसले. साहेबही हसले आणि छडी पुन्हा तिथेच टोचली. बस नाकारली गेली.

टोचून टोचून तिथे भोक पडले. पुढे भिंतीवर नकाशे दाखवणारा चकचकीत पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. रद्दीत जाणार होतो, पण ताईंनी मला मागून घरी नेले.

आता मी त्यांच्या मुलीच्या पलंगाशेजारी असतो. पहिल्याच दिवशी तिने विचारले, "आई, मावशी या भोकात राहते?"

ताई म्हणाल्या, "भोक नाही गं राणी, गाव आहे. मावशीच्या दारात लिंबाचं झाड आहे."

मुलीने भोकामागे कागद चिकटवला. त्यावर घर काढले, झाड काढले.

मित्रांनो, कुठल्याही मुलखावर छडी रोखण्याआधी तिथे कुणाची तरी मावशी राहते, एवढे विचारात घ्या. माझ्या घाटातली रेघ अजून खऱ्या बसची वाट बघते आहे. तोवर ती मुलगी रोज बोटाची बस करते. भुर्रर्र करत घाट उतरते, उशीपाशी थांबते आणि हळूच म्हणते, "मावशी, उतर ना. आलं आमचं घर."