माळ्यावरची पिल्लं

दुष्काळ सरला होता, तरी दुर्गाबाईची दुधाची धास्ती काही सुटली नव्हती. त्यात एक भटकी मांजर घरात शिरून रोज साय फस्त करायची. मारावी तर पाप. काशीला सोन्याची मांजर वाहिल्याशिवाय फिटत नाही म्हणतात. मग काय, बोलवा सगुणाबाईला! ती बौद्धवाड्यातली, दुर्गाबाईच्याच शेतात खुरपणारी. तिला म्हणे पाप लागत नाही. वा रे न्याय!

"सगुणे, जल्दी धर अन् नदीपार सोडून ये. पुन्हा दिसली तर खुरपायला येऊ नको."

सगुणाबाईनं अंगणात कोंबड्यांचं डालगं काठीवर उभं केलं, खाली बोंबील ठेवला आणि काठीला सुतळी बांधून लांब बसली. मांजर आत शिरली तशी तिनं सुतळी ओढली. मांजरीला साधा ओरखडासुद्धा उठला नाही. पण पोत्यात घालताना पोटाला हात लागला आणि सगुणाबाई चरकली. आचळं दुधानं तटतटली होती.

"बाई, हिची पिल्लं तुमच्या माळ्यावर असतील. वर जाऊ द्या मला, सगळी संगं नेते."

माळ्याचा जिना चुलीजवळून वर जात होता.

"चुलीपाशी तू? काहीतरीच! घरात देव हायेत."

"मंग तुम्ही आणून द्या."

"मी न्हाई शिवत. जातील आपली आपण."

सगुणाबाईच्यानं नदीपार जाववेना. तिनं मांजर घरीच डालग्याखाली झाकली. सोडावी तर थेट तिथंच जाणार आणि आपलं खुरपणं बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मांजर सारखी ओरडत होती. सकाळी सगुणाबाई पुन्हा गेली, हात जोडले. दुर्गाबाईनं दारातूनच वाटेला लावली.

आणखी दोन दिवसांनी दुर्गाबाईचंच बोलावणं आलं. माळ्यावरून घाण सुटली होती. बाई नाकाला पदर लावून चुलीपाशी उभ्या.

"ये ना, अशी आत ये. जिना इकडं हाये. उचलून टाक ते सगळं."

सगुणाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती उंबऱ्याबाहेरून हलली नाही.

"मेलेलं उचलायचं आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं, बाई. जितं होतं तवा आल्ते मी."

"मंग उद्यापासून खुरपायला येऊ नको!"

"न्हाई येत."

हेच पहिल्या दिवशी म्हणायला काय झालं होतं तुला, असं स्वतःला विचारत ती घरी आली. रडतच तिनं डालगं उचललं. मांजर सुटली ती थेट दुर्गाबाईच्या घराकडं पळाली.