भोपाळला कोण जाणार

१९९५ सालची ही गोष्ट. त्या सप्टेंबरात गणपती दूध पितो म्हणून सगळं उज्जैन वाटी-चमचा घेऊन देवळांपुढे उभं होतं आणि आमच्या माधव नगरात दुपारी चहाला दूध मिळेना. घरोघर केबल येत होती, फ्रीगंजात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या मंडळात 'प्रोजेक्ट' हा शब्द नवा नवा आला होता. तोवर आम्ही नुसतं 'काम' म्हणायचो.

मंडळ उज्जैनच्या मराठी लोकांचं, बायका-मुलांसाठी चालवलेलं. अध्यक्ष भय्यासाहेब. त्यांचे पूर्वज दरबारात दप्तर सांभाळायला इकडे आले, त्याला दोनशे वर्षं झाली. आम्ही बँकेच्या बदलीनं अकोल्याहून आलेले. वीस वर्षं राहूनही बाहेरचेच.

मंडळात मानाची पद्धत होती. गणपतीची पहिली आरती भय्यासाहेबांच्या घरची, पंगतीतलं पहिलं पान त्यांच्या घरचं, पाहुण्यानं आणलेला नारळही त्यांच्याच घरी जायचा. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. नारळच तो. पण कुठून प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, की तेही त्याच वाटेनं जायचं. भय्यासाहेब पुण्याला जाऊन आले, दिल्लीला जाऊन आले, हैदराबादेलाही. प्रत्येक वेळी येताना नाव छापलेली बॅग आणि एक प्रमाणपत्र आणायचे. प्रमाणपत्र फ्रेम होऊन मंडळाच्या हॉलमध्ये लागायचं आणि आम्ही त्यांना शाल द्यायचो. एकदा मी विचारलं, "शिकवलं काय भय्यासाहेब तिथे?"

"व्यवस्था उत्तम होती," ते म्हणाले. "जेवणात रोज एक गोड."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आदल्या वर्षी ते शिवणवर्गासाठीच्या प्रशिक्षणाला गेले आणि तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या मुंजीला निघून आले. प्रशिक्षण अर्धवट राहिलं म्हणून शिवणवर्गाची मदत थांबली. वर्ग बंद पडला. मशिनी हॉलच्या कोपऱ्यात चादरी पांघरून बसल्या, आणि त्यांच्यावर आम्ही चहाचे ट्रे ठेवू लागलो.

माझ्याकडे मंडळातर्फे उज्जैनच्या टोकाला असलेल्या भैरवगढचं पाळणाघर होतं. तिथे घरोघरी कापडावर ठशांनी छपाई चालते. अंगणात रंगाच्या कढया उकळत असतात, बायका दिवसभर छापतात, धुतात, वाळवतात. तान्ही मुलं तिथेच रांगायची. त्यांच्यातल्याच शकीलाबीच्या मुलीचा पाय कढईच्या ओघळानं भाजला, तेव्हा शकीलाबीच्या सासऱ्यानं आपली पत्र्याची खोली दिली आणि मी पाळणाघर सुरू केलं. रोज सकाळी मी टेम्पोनं जायची.

दसऱ्याच्या आधी भोपाळहून कळलं, की पाळणाघराला मदत करणाऱ्या संस्थेनं तीन आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण ठेवलं आहे. जो कोणी काम चालवतो त्यानं ते पूर्ण करायचं आणि परत येऊन पुढच्या वर्षाची आखणी द्यायची. नाहीतर एप्रिलपासून मदत बंद.

शकीलाबीच्या कानावर हे माझ्याआधीच गेलं होतं. भैरवगढात बातमी रंगापेक्षा लवकर पसरते.

"बाईजी, पालना बंद हो जाएगा क्या?"

"नहीं होगा."

"भोपाल आप जाओगी ना?"

"मैं ही जाऊँगी."

"और भैयासाहब?"

"वो आरती करेंगे," मी म्हणाले. ती हसली, पण ठसा हातातच धरून राहिली.

घरी मी विलासला, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगितलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तीन आठवडे? पोळ्या कोण करणार?"

"तुम्ही."

"मला येत नाहीत."

"मग तुमचंही प्रशिक्षण होईल."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मंडळाची सर्वसाधारण सभा होती. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर आम्ही बायका, आणि आतल्या खोलीत भय्यासाहेबांच्या घरच्या बायका पोहे करत होत्या. सभेला पोहे त्यांच्या घरचे, हाही मानच. शेवटचा विषय भोपाळचा होता.

"परंपरेप्रमाणे मी जाईन," भय्यासाहेब म्हणाले. "सर्वानुमते मंजूर. लिहा श्रीधर."

श्रीधर आमचे सचिव. रेल्वेत होते, स्वभावानं अतिशय भिडस्त. ते लिहू लागले.

"मंजूर नाही," मी म्हणाले.

श्रीधरनी पेन उचललं, पण मान वर केली नाही.

"काही म्हणालात, विजयाबाई?"

"म्हणाले. भोपाळला मी जाणार. पाळणाघर मी चालवते."

"अहो, तुमच्या कामाला कोण नाव ठेवतंय? पण तिथे मोठे अधिकारी येतात. मंडळातला कोणी जुना माणूस असलेला बरा. आणि पोरांची नाकं पुसायची, त्याचं काय ट्रेनिंग?"

पुढच्या खुर्च्या हसल्या.

"नाकं पुसता येतात मला. कामाची आखणी कशी करायची, मदत कोणाकडे आणि कशी मागायची, दवाखाना कसा जोडून घ्यायचा, ते शिकवणार आहेत. तीन आठवडे बसावं लागेल. तुम्हाला तिसऱ्या दिवशी मुंज निघते."

या वेळी मागची सतरंजी हसली, पण पदराआड.

भय्यासाहेबांचा आवाज कधी चढत नसे. "विजयाबाई, हा आमच्या घराण्याचा मान आहे. उद्या तुम्ही आरतीही मागाल."

"आरती तुम्हीच करा. मला पाळणाघर बंद पडू द्यायचं नाही. मत घ्या."

मंडळात तोवर कधी मत घेतलं गेलं नव्हतं. भय्यासाहेब चक्क खूश झाले. कोण हात वर करणार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "घेऊ ना," ते म्हणाले. "विजयाबाईंनी जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. बाकीच्या बायका बांगड्या चाचपत बसल्या. कोणाची सासू शेजारी होती, कोणाचा नवरा पुढच्या खुर्चीवर होता. मला त्यांचा राग आला नाही. पण हात खाली घ्यायचा नाही एवढं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन चारुलता बाहेर आली. ही भय्यासाहेबांची थोरली सून. तिनं ट्रे शिवणमशिनीवर ठेवला, पदराला हात पुसला आणि वर केला.

"सूनबाई, चहा द्या," भय्यासाहेब म्हणाले.

"ठेवलाय मामंजी."

"मग हात खाली घ्या. सभासदांचं मतदान चाललंय."

"मी सभासद आहे. तुम्हीच केलंत. मला, जाऊबाईंना, आत्याबाईंना, सगळ्यांनाच."

हे खरं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा बँकवाले आणि रेल्वेवाले मिळून अध्यक्षपद मागणार अशी अफवा उठली, तेव्हा भय्यासाहेबांनी आपल्या भाऊबंदांच्या घरातल्या झाडून सगळ्या बायकांना सभासद करून टाकलं होतं. मतं घरात असलेली बरी म्हणून. निवडणूक काही झाली नाही. भय्यासाहेब विसरले. घरात असलेली मतं पोहे करत राहिली.

आता ती एकेक करून दारात आली. सगळ्यांत आधी हात वर केला सुलभाताईंनी, म्हणजे भय्यासाहेबांच्या विधवा बहिणीनं. त्या भावाकडे बघत नव्हत्या, मशिनीकडे बघत होत्या.

"शिवणाच्या वर्गाला मी जात होते दादा," एवढंच त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही मला."

मग दारातले बाकीचे हात वर गेले. ते बघून सतरंजीवरचेही. एका सासूनं सुनेचा हात धरून खाली ओढला आणि सुनेनं दुसरा वर केला.

"मोजू का?" श्रीधरनी विचारलं.

"काही गरज नाही," भय्यासाहेब म्हणाले. "मी सही करणार नाही. आणि मंडळाचा शिक्का माझ्या घरी आहे."

"सचिवाची सही चालते," मी म्हणाले. "श्रीधर, करा सही."

"वहिनी, माझं पोट सकाळपासून जरा..."

"पोटाचं नंतर बघू."

त्यांनी केली. आणि चारुलता शांतपणे म्हणाली, "शिक्का मी आणते. देवघरात, समईच्या मागे असतो."

भय्यासाहेब उठले. कोट नीट केला. "ठीक आहे, जा. पण पुन्हा या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही."

"पाळणाघर भैरवगढला आहे, भय्यासाहेब. इथे मला काम काय?"

ते गेले. त्यांच्यासोबत पुढच्या खुर्च्याही बऱ्याचशा गेल्या. पोहे मात्र भरपूर होते, ते आम्ही मागच्या लोकांनी संपवले.

भोपाळचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. फुगे फुगवायला लावले, गोल करून एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकायला लावला. पन्नाशीतल्या बाईनं हे का करायचं, असं मी तिथल्या ताईंना तोंडावर विचारलं. पण मी एक दिवसही चुकवला नाही. मदत मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे, हे तिथे माझ्या अंगवळणी पडलं. सरकारी दवाखान्याला काय काय देणं भाग आहे, ते मी तिथेच ऐकलं आणि परत आल्यावर वसूल केलं. आम्ही आजवर सगळं मुलांच्या आयांसाठी ठरवत आलो होतो, त्यांना न विचारता, हेही तिथेच लक्षात आलं.

आल्या आल्या मी शकीलाबीच्या अंगणात सगळ्यांना बसवलं. पुढच्या वर्षाची आखणी तिथेच झाली. पाळणाघर छपाईच्या वेळेला उघडायचं, माझ्या टेम्पोच्या वेळेला नाही, हे त्यांचं पहिलं म्हणणं. मला ते लागलं, पण बदललं.

दरम्यान भय्यासाहेबांनी भोपाळला कळवलं, की या बाईंचा मंडळाशी काही संबंध नाही. संस्थेचे लोक चौकशीला आले ते थेट भैरवगढला. त्यांनी विचारलं, "यहाँ का काम किसका है?" मी तोंड उघडायच्या आत शकीलाबी म्हणाली, "हमारा है. बाईजी हमारे साथ हैं. मंडल को हमने देखा नहीं." मग आयांनी आपली वेगळी संस्था नोंदवली आणि त्या एप्रिलपासून मदत तिच्या नावानं येऊ लागली. मंडळाचं नाव गळलं. मी ते परत लावलं नाही.

पाळणाघर पुढे पुष्कळ वर्षं चाललं. सरकारी अंगणवाडी शेजारी आली तेव्हाच आम्ही ते बंद केलं, आमच्या मर्जीनं. तोवर एकही मूल भाजलं नाही.

शकीलाबी आयांच्या संस्थेची अध्यक्ष झाली आणि शेवटपर्यंत राहिली. तिची ती मुलगी आता इंदोरला नर्स आहे. थोडी लंगडते, पण झपझप चालते.

चारुलताशी भय्यासाहेब वर्षभर बोलले नाहीत. ती म्हणायची, "त्यांना ती शिक्षा वाटायची. मला घरात इतकी शांतता कधी मिळाली नव्हती." पुढच्या प्रशिक्षणाला ती गेली, आणि मग इतरांना शिकवायला ठिकठिकाणी जाऊ लागली. आता पुण्याला मुलाकडे असते.

सुलभाताईंनी शिवणमशिनी हॉलमधून आपल्या खोलीत नेल्या आणि वर्ग सुरू केला. कुणाला विचारलं नाही. श्रीधर निवृत्त होऊन नागपूरला गेले. पोटाची तक्रार त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. विलास पाच वर्षांपूर्वी गेले. पोळ्या त्यांना शेवटपर्यंत गोल जमल्या नाहीत, पण करत होते.

भय्यासाहेब दोन हजार चार साली वारले. मी भेटायला गेले होते त्यांच्या आजारपणात. त्यांनी मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी थोडा वेळ बसले आणि उठले. मी हट्टी निघाले, मंडळ फोडलं, असं माधव नगरातले जुने लोक अजून म्हणतात. म्हणू देत. भोपाळला मीच जायला हवं होतं, आणि मीच गेले.