ठणठणीत बदकीण

मी एक जुनी बदकीण आहे, मित्रांनो. एके काळी पांढरीशुभ्र होते, आता पिवळट पडले आहे. माझ्या अंड्याला आईची ऊब मिळाली नाही. दिव्याच्या उबेत ते फुटलं. पंखांत बळ येण्याआधीच मला या पाणथळीवर आणून तरंगत्या पिंजऱ्यात ठेवलं. तळ्याचं पाणी आत यावं म्हणून पिंजऱ्याचा तळ जाळीचा होता. बाकीच्या प्राण्यांना आजार होऊ नये म्हणून माणसं जपतात. मला मात्र आजार व्हावा म्हणूनच ठेवलं होतं.

नवल वाटलं ना? सांगते.

थंडी पडली की उत्तरेकडून रानबदकांचे थवे येतात. त्यांच्या पोटात कधीकधी बर्ड फ्लूचा विषाणू असतो. पोटात आजार आणि अंगात मस्ती, अशी त्यांची तऱ्हा. त्यांची विष्ठा पाण्यात पडते. गार पाण्यात विषाणू बराच काळ तग धरतो. दुसरी बदकं तेच पाणी पितात, आणि पहिल्यांदाच आलेल्या कोवळ्या बदकांना तो चटकन लागतो. रानबदकं काही हाती लागत नाहीत, म्हणून त्यांच्या पाण्यात मी. मला लागण झाली की तळ्यात आजार आलाय, हे माणसांना कळायचं. ते तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई अधूनमधून येत. माझ्या घशात कापसाची काडी फिरवत, दुसरी शेपटीखाली, पंखातून थोडं रक्त घेत आणि म्हणत, "शहाणी गं माझी." एवढ्या कौतुकासाठी मी शेपटीखालची काडीसुद्धा सहन करायची.

स्वस्थता मात्र मला कधीच नव्हती. थवा उतरला की माझे पाय चाळवायचे, थवा उडाला की पंख. जाणार कुठे? पिंजऱ्यात नुसत्या येरझारा.

माझी देखभाल करणारा राखणदार उंच नि काटकुळा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणायचे. बांधापलीकडे त्याची थोरली बहीण राहायची. तो तिला आक्का म्हणे, म्हणून मग सगळ्यांचीच ती आक्का. तिच्या कोंबड्या बांधावर मोकळ्या चरायच्या. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या कोंबड्यांवर चालायचं.

एका वर्षी पाऊसच कमी झाला. पाणी आटत आटत मधल्या डबक्यापुरतं उरलं. एरवी ऐसपैस पसरणारे पक्षी तिथे दाटीवाटीने बसू लागले. सगळ्यांचं पिणं तिथेच, घाणही तिथेच. एका सकाळी एक हंस माझ्यासमोर गोल गोल पोहू लागला. मान वाकडी, डोळे निस्तेज. थोड्या वेळाने तो नुसताच तरंगत राहिला. मग दुसरा, तिसरा. मेलेला हंस टोचणारी घार पुढे बांधावरच कोसळली. रानबदकं मात्र त्याच पाण्यात डुबक्या मारत होती. मीसुद्धा.

डॉक्टरीणबाई तोंड झाकून आल्या आणि मेलेल्या पक्ष्यांचे नि माझे नमुने घेऊन गेल्या. जाताना आक्काला आणि बगळ्याला बजावलं, "आक्का, निकाल येईपर्यंत कोंबड्या आत. दार उघडायचं नाही. आणि दादा, इथले बूट इथेच काढायचे."

आक्काने कोंबड्या कोंडल्या. अंधाऱ्या खोलीत त्या एकमेकींना टोचू लागल्या, अंडी बंद झाली. निकाल काही येईना. शेवटी वैतागून ती बांधावर आली.

"काय रे बगळ्या, तुझी महाराणी कशी आहे?"

"ठणठणीत! सकाळीच बोटाला चावली."

"त्याच पाण्यात बसलीये ना?"

"मग? तिला काय वेगळा बंगला बांधलाय?"

"मग झालं तर! तिला काहीच होत नाही, आणि मी माझ्या कोंबड्या कोंडून मारू? उघडते मी दार."

बगळ्याने डोकं खाजवलं. "बघ बाई तुझं तू. दिसतेय तर बरी."

मी नेहमीसारखे पंख फडफडवले. माझ्या पोटात काय चाललंय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? कोंबड्या धावत काठाशी आल्या आणि चोची वर करकरून पाणी प्यायल्या.

त्यानंतर निकाल घेऊन डॉक्टरीणबाई धावतच आल्या. "कोंबड्या बाहेर कशा?"

"बदकीण बरी आहे, म्हणून..." आक्का म्हणाली.

बाईंनी निकालाचा कागद पुढे धरला. "अहो आक्का, आजार तिच्यात आहे! बदकाला तो पचतो. कोंबडीला नाही पचत."

आक्काच्या कोंबड्यांचे तुरे काळेनिळे पडले. काही मेल्या. उरलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी मारून पुरल्या. मग आक्का लांब उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "खोटारडे! आजारी होतीस, तर आजाऱ्यासारखं दिसायला काय झालं होतं तुला?"

"बघून मलाही नाही कळत, आक्का," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "म्हणून तर काड्या आणि रक्त."

ही बातमी पसरली आणि आसपासची माणसं डबे, ताटं, फटाके घेऊन बांधावर जमली. पक्ष्यांना हुसकून लावायचं ठरलं होतं. थवे अस्वस्थ झाले, माझ्याही पिसांवर काटा आला. तेवढ्यात आक्काच पुढे झाली.

"खबरदार! यात कुणाचं काय गेलंय? माझं गेलंय. उडवाल तर जातील कुठे? पुढच्या तळ्यावर. आजारही तिकडे जाईल. तिथेही कुणीतरी माझ्यासारखी असेल ना?"

"मग काय यांना पोसत बसायचं?" कुणीतरी विचारलं.

"नको पोसूस. तुझी कोंबडी तेवढी आत ठेव. मी नाही ठेवली."

एकेक ताट खाली आलं. थवा पाण्यावरच राहिला.

माझ्या अंगात आता त्या आजाराशी झुंजायची ताकद आली आहे, तो मला पुन्हा सहज लागत नाही, म्हणून पहाऱ्यासाठी माझा उपयोग नाही. माझ्या जागी दुसरी बदकीण आहे. मी कोपऱ्यातल्या खुराड्यात असते. शेपटीखाली काडी नाही, पण "शहाणी गं माझी" हेही नाही. डोक्यावरून थवे गेले की पाय अजून चाळवतात.

मित्रांनो, तळ्याकाठी पडलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मोठ्यांना सांगा. तिथला चिखल बुटांबरोबर घरी नेऊ नका. आणि आमचा राग येऊन दगड उचलाल, तेव्हा क्षणभर थांबा. इथून उडालेला पक्षी कुणाच्या तरी दारात उतरणार आहे.