दातांच्या कारखान्यातली शांतता

कृत्रिम दात बनवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे ‘बारकी’ म्हणायचे. दाताच्या रंगातला केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. पण टेबलावरच्या लुकलुकत्या ट्यूबलाइटने तिचं डोकं भणभणायचं. मागून कुणी ओरडून काम सांगितलं, की हातातलं मेण निसटायचं. डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं निदान केलं, तेव्हा हे असं का होतं ते तिला कळलं. घरी तिने अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

बरेच दिवस घोळवून शेवटी ती कर्मचारी विभागातल्या बाईंकडे गेली. मागणी एवढीशीच होती. माझ्यावरचा दिवा बंद ठेवा, काम लिहून द्या.

‘‘हे आपल्या दोघींतच राहील ना?’’

‘‘अगं, या कानाचं त्या कानाला कळणार नाही!’’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावरचा दिवा बंद होता. तिला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, सगळेच दिवे बंद होते. रेडिओही बंद. ती आत शिरताच घासायची यंत्रं एकेक करून थांबली. साचेवाले काका, ज्यांची साधी शिंकसुद्धा फाटकापर्यंत ऐकू जायची, ते चवड्यांवर चालत तिच्याजवळ आले.

‘‘च... हा... घे... णार?’’

तिला वाटलं, काका चेष्टा करताहेत. ती हसली. काका हसले नाहीत. अंधुक उजेडात सगळे मान किंचित कलती करून तिच्याकडेच बघत होते, आणि मांडणीवरच्या कवळ्यांसारखे त्यांचे नुसते दात दिसत होते. एवढी माणसं, पण कुणाच्या श्वासाचाही आवाज नव्हता.

दुपारी आईचा फोन आला. ‘‘तुझ्या ऑफिसातून कुणी बाई बोलत होत्या. घरी कशी वागतेस, चिडतेस का, विचारत होत्या. तुला काय झालंय गं?’’

कसाबसा फोन ठेवून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली.

‘‘माझं कुणाकुणाला माहीत आहे?’’

साचेवाल्या काकांनी हात वर केला. मग पॉलिशवाल्या मावशींनी. मग एकामागून एक, मुकाट्याने, सगळ्यांनी. दारात पार्सल न्यायला आलेल्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं. त्याचाही हात वर होता.

‘‘तुझ्या काळजीपोटीच सांगितलं गं,’’ दारातून बाई म्हणाल्या.

‘‘मी दिवा बंद करायला सांगितला होता,’’ ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. ‘‘दवंडी पिटायला नाही.’’

तिने मालकांकडे रीतसर तक्रार केली. बाईंनी माफी मागितली. मालकांनी त्यांच्याकडून कर्मचारी विभागाचं काम काढून घेतलं. दिवे लागले, तिचा तेवढा बंद राहिला. रेडिओही पुन्हा सुरू झाला. पण ती आत आली, की आजही यंत्रं क्षणभर अडखळतात. कुणी मुद्दाम करत नाही. त्याचंच तिला जास्त भय वाटतं.

फोन आला त्याच संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं होतं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं.

‘‘मला तुझ्या तोंडून कळायला हवं होतं.’’

‘‘मी सांगणारच होते, आई. मनात शब्द जुळवत होते,’’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.