आठ मोटारींची बैलगाडी

१९७६च्या मार्चमध्ये वारंगा फाट्यापासून दोन कोसांवर, लिंबाखाली बसून मी सात दिवस वाहनं मोजली. बी.एस्सी. झाल्यावर मिळालेलं पहिलं काम. छापील तक्त्यात ट्रक, बस, मोटार, बैलगाडी असे रकाने. समोरून जाईल त्याची एक रेघ.

रस्त्याला लागूनच बौद्धवस्तीची अकरा घरं होती. दुष्काळात याच लोकांनी खडी फोडून रस्ता केला, पण एसटी इथे थांबत नसे. तिसऱ्या दिवशी जनकाबाई पाणी घेऊन आल्या.

"लई गाड्या गेल्या तर बस थांबन का, साहेब?"

"मला माहीत नाही."

"अडलेली सून बैलगाडीत घालून फाटा गाठला म्या. बस घावली, सून न्हाई. आता धाकटी येईल घरात."

चौथ्या दिवशी मोडक्या शिंगाचा एक बैल माझ्यासमोरून नऊ वेळा गेला. गाडीवर जनकाबाईंचा थोरला, जळबा.

"जळबाभाऊ, रिकामी गाडी कुठं?"

"वारंग्याला."

"आणि मघाशी?"

"वारंग्याहून."

मागच्या गाडीवरून वस्तीतलाच पुंजाजी ओरडला, "बैलाला इचारा, साहेब! त्यालाबी समजून न्हाई राहिलं!"

मी हसलो आणि दोन रेघा ओढल्या. सात दिवसांत बैलगाड्यांच्या रेघा झाल्या चारशे बारा.

बांधकाम खात्याच्या कार्यालयात माझे वरिष्ठ अमृतराव यांनी हिशेबाची रीत दाखवली. प्रत्येक वाहनाच्या मोटारी करायच्या. बैलगाडी हळू चालते, वाट अडवते. म्हणून एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. चारशे बाराच्या झाल्या तीन हजार दोनशे शहाण्णव. खऱ्या मोटारी सात दिवसांत एकोणीस गेल्या होत्या.

"रस्ता अपुरा आहे, रुंद करावा लागेल," अमृतराव म्हणाले.

"साहेब, यातल्या बऱ्याच त्याच त्याच गाड्या आहेत."

"नंबर टिपलेस?"

"बैलगाडीला कुठला नंबर?"

"मग झालं तर."

दोन वर्षांनी मी रुंदीकरणाच्या आखणीसाठी मोजायची टेप घेऊन तिथे गेलो. चुन्याची रेघ अकराही घरांच्या मागून गेली. घरं रस्त्यात आली. वस्तीला दीड कोस आत, माळावर जागा मिळाली होती.

जनकाबाईंनी विचारलं, "बस थांबन ना आता?"

"थांबेल." नकाशात थांबा होता. त्यांच्या चुलीच्या जागेवर.

धाकटी सून दारात उभी होती. सातवा महिना. जनकाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माळाकडे.

"जळबा," त्या म्हणाल्या, "गाडी इकू नको."