बसून द्यायचं उत्तर

सृष्टीची इंग्रजीची शिकवणी सासऱ्यांच्या पहाऱ्यात चालायची. ती त्यांचीच अट होती. सुभेदार गुंडा शिंदे, साऱ्या गावाचे आबा. फौजेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी सोफ्यावर असे बसत की समोरच्याला आपला एखादा गुन्हा आठवावा. मी मिरजेहून स्कूटीवर शिकवायला यायचे. मला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. सृष्टी मात्र डोक्यावर ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. शिंद्यांच्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात ती आयसीयूची सिस्टर. तिथं तिच्या एका शब्दावर माणसं पळतात. इथं ती चौकटीला टेकतसुद्धा नसे.

शुक्रवारी तिची मुलाखत होती. आयर्लंडच्या एका दवाखान्यातली माणसं लॅपटॉपवर दिसणार, प्रश्न विचारणार. निवड झाली तर आधी ती जाणार, आणि तिचा नवरा ऋषिराज फौजेतून सुटला की मागून तो. हुकली तर आबांनी आहे तीही नोकरी सोडवायचं ठरवलेलं. तसं मला तोंडावर सांगितलं होतं, "तुमी शिकवा बाई. नापास झाली की घरात बसवणार."

"आय ॲम वर्किंग इन आयसीयू सिन्स सिक्स इयर्स," सृष्टीनं सुरुवात केली.

"आय हॅव बीन वर्किंग. आणि सिन्स नाही, फॉर."

"फॉर सिक्स इयर्स. वन्स डॉक्टर फायर्ड मी..."

"थांब. फायर्ड म्हणजे कामावरून काढून टाकलं. तुला ओरडले ना ते?"

"लय ओरडले."

"मग स्कोल्डेड म्हण. नाहीतर ते विचारतील, काढून टाकलेली बाई अजून ड्यूटीवर कशी?"

ती ओढणीआड हसली. आबा खाकरले.

"आमच्या युनिटला असली घासाघीस नव्हती. साहेब बोलला, आमी यस सर म्हणलं. झालं इंग्लिश."

"तेवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला आले असते, आबा?"

"तुमाला तरी कुणी शिकवलं? कालेज कुठलं तुमचं?"

"कुठलंच नाही. मेडिकलच्या दुकानात कामाला होते. औषधांच्या खोक्यातले कागद वाचून शिकले."

"म्हंजे गोळ्यांचं इंग्लिश."

"गोळ्यांचंच. गुण येतो पण."

मी सृष्टीला घरच्यांबद्दल विचारलं.

"माय फादर-इन-लॉ आर रिटायर्ड. दे आर व्हेरी स्ट्रिक्ट."

"इज. ही इज. इंग्रजीत सासऱ्याला आदराचं अनेकवचन नसतं."

"म्हंजे मला अरेतुरे?" आबांनी विचारलं.

"तिकडं पंतप्रधानालाही तेच."

"आन् असल्या मुलखात आमी सून धाडायची."

अजून सगळ्यात अवघड प्रश्न राहिला होता. तो प्रत्येक नर्सला विचारतात. मी इंग्रजीत विचारला, आबांना कळावा म्हणून मराठीतही सांगितला. वरिष्ठ चुकत होते, अशी एखादी वेळ सांगा. तुम्ही काय केलंत?

सृष्टी पायाच्या बोटांकडं बघत म्हणाली, "आय रिस्पेक्ट माय सीनियर्स. आय केप्ट क्वाएट."

"शाब्बास," आबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"नापास," मी म्हणाले.

"का? काय चुकलं?"

"इंग्रजी बिनचूक आहे. पण गप्प राहणारी सिस्टर त्यांना नको असते. पेशंट दगावतो."

"म्हंजे तुमी हिला उलट बोलायला शिकवताय. माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन."

"चहा तिनं केला होता, आबा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दाराकडं बोट केलं. "पिशवी उचला. परत हिकडं फिरकू नका. तिला येतंय तेवढं बास."

घर त्यांचं. मी पिशवीला हात घातला. शुक्रवार दोन दिवसांवर आला होता, आणि पोरीचं एवढं एकच उत्तर कच्चं राहिलं होतं.

तेवढ्यात सृष्टी दारातून हलली. सोफ्यासमोरच्या दुसऱ्या खुर्चीवर आबांच्या पेपरांचा गठ्ठा असायचा. तिनं तो उचलून टीपॉयवर ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या पुढ्यात बसली. डोक्यावरची ओढणी होती तशीच होती.

"ऊठ," आबा म्हणाले. अगदी हळू.

"मॅडम, प्रश्न परत विचारा."

मी विचारला.

"माय फादर-इन-लॉ टोल्ड मी टू स्टँड," ती एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली. "आय रिस्पेक्ट हिम. बट ही वॉज राँग. सो आय सॅट डाउन इन फ्रंट ऑफ हिम."

एवढं इंग्रजी आबांना येत होतं. ते उठले.

"शुक्रवारी या घरात वायफाय चालू नसंल."

"नसू दे. दवाखान्यातनं देईन मी मुलाखत. तितं मी बसूनच बोलते, आबा."

ते बाहेर गेले नाहीत, बसलेही नाहीत. खुर्चीवरच्या सुनेसमोर पुन्हा बसायचं कसं, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्यांची कीव आली. 'बसा' म्हणावंसं वाटलं, पण त्यांच्याच घरात मी कोण म्हणणार.

सृष्टीचे ओठ पांढरे पडले होते. मांडीवर एका हातानं दुसरा घट्ट धरला होता.

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.