दुधी काच

काकांच्या दुकानात काम करणाऱ्या पुतणीने तपासणीच्या जड फ्रेममध्ये एक भिंग सरकवलं, दांड्या हॅलोबाईंच्या कानांमागे नीट बसवल्या आणि म्हणाली,

"हं, वाचा."

हॅलोबाईंनी मांडीवरची जाडजूड कादंबरी उचलली, खूण घातलेलं पान उघडलं आणि घसा साफ केला.

"'घोड्यांच्या टापा पुलापाशी थांबल्या. गिरणीवाल्याची मुलगी पिठाच्या पोत्याला टेकून उभी राहिली. तिच्या पायांखालच्या फळ्यांखाली तरुण पाळक श्वास रोखून पडला होता. राजाने बंदी घातलेलं, स्वतःच्या हाताने उतरवून काढलेलं येशूचं शुभवर्तमान त्याने छातीशी धरलं होतं.'"

"अक्षर स्पष्ट आहे?"

"एकदम. मध्ये बोलू नकोस, लय तुटते."

काकांच्या चष्म्याच्या दुकानाची ही जुनी रीत होती. जवळचं तपासायला येताना, ज्यासाठी चष्मा हवा ती वस्तू घेऊन यायचं. शिंपी सुई-दोरा आणायचा, घड्याळजी एखादं उघडं घड्याळ. पुतणीला कॉलेजात शिकवलेला छापील तक्ता जास्त विश्वासाचा वाटे, पण दुकान काकांचं होतं. हॅलोबाई तर तक्ता पुढे केल्याबरोबर म्हणाल्या होत्या, "ती सुटी अक्षरं वाचून मला कुठे जायचंय?" उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, लोकांनी तेव्हाच हे नाव पाडलं होतं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी आवाजाला गंज चढला नव्हता.

पडद्यापलीकडे त्यांचा भाचा बसला होता. आल्या आल्या त्याने काकांना आणि पुतणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आज एकदाचा सोक्षमोक्ष लावा. दोघी बहिणीच राहतात. मोठ्या मावशीचे हात इतके थरथरतात की पेलासुद्धा धरवत नाही. तिचं सगळं ही बघते. आता हिला दिसत नसेल, तर मोठीला मी नेतो आणि हिला दादा. त्याचं गाव लांब आहे, पण घर मोठं आहे." मग थोडं थांबून म्हणाला होता, "रोज संध्याकाळी मोठीला पुस्तक वाचून दाखवते म्हणजे दिसत असणार. पण काल मला दारात बघून तिने विचारलं, कोण आहे?"

पुतणीने उजवा डोळा तपासून झाला म्हणून त्याच्यावर डोळा झाकायची दुधी काच बसवली. आता डाव्याची पाळी.

"'दारावर थाप पडली. ती ओळखीची थाप होती. कप्तान व्हायच्या आधी तो याच दारातून पीठ न्यायला यायचा, आणि पोतं खांद्यावर घेताना उगाच वेळ लावायचा.'"

"म्हणजे त्याचं तिच्यावर..."

"ऐक तर. 'आता त्याच्या कमरेला राजाची तलवार होती. तिने डोळे मिटले. देवा, मला खोटं बोलायला लावू नकोस, आणि त्या पाळकाला मरूही देऊ नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते तूच बघ.'"

पुतणीने पुढच्या भिंगासाठी पेटीकडे हात नेला आणि तो तिथेच थांबला. पेटीत प्रत्येक भिंगाला आपापली खाच होती. दुधी काचा दोन असत. दोन्ही खाचा रिकाम्या होत्या.

तिने वर पाहिलं. फ्रेममध्ये दोन पांढऱ्या चकत्या होत्या, दोन बश्या मांडाव्यात तशा. मघाशी डाव्या डोळ्यावरची काढायची राहिलीच होती. त्या चकत्यांमागून हॅलोबाई अजिबात न अडखळता वाचत होत्या. त्यांनी पानही उलटलं, अगदी वेळेवर.

"'दार उघडलं. कप्तानाने तिच्याकडे पाहिलं, मग फळ्यांकडे. तो म्हणाला, या घरात तुझ्याशिवाय आणखी कोणी आहे?'"

इथे मात्र त्या थांबल्या.

"बाई," पुतणी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या दोन्ही डोळ्यांवर दुधी काच आहे. तिच्यातून काहीच वाचता येत नाही."

हॅलोबाईंनी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"कोणी बसवली?"

"मीच. एक काढायची विसरले."

"अशी कशी विसरलीस? डिग्री आहे ना तुझ्याकडे?"

"कप्तान आला ना."

हॅलोबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग तोंडावर हात ठेवून हसल्या. पुतणीने पुढे होऊन फ्रेम उतरवली. नाकावर दोन लाल वळ उमटले होते.

"नजरेच्या मधोमध डाग आहे बघ," त्या म्हणाल्या. "माणसाचं तोंड बघायला जावं तर कान दिसतात. तुलाही मी कानांवरूनच ओळखणार पुढच्या वेळी."

"कधीपासून?"

"आधी एका डोळ्यात होता. दुसऱ्याने सांभाळून घेतलं. मग त्यानेही हात टेकले." त्यांनी मांडीवरच्या पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सुरुवातीला पूर्वी वाचलेल्या गोष्टी सांगायचे. त्या संपल्या. पण या कादंबऱ्यांची वीण एकदा हाताला लागली ना, की जमतं. एक मुलगी, दोन पुरुष, मध्ये एक नदी. संकट दारात आलं की तिने देवाला हाक मारायची. पण देवाने येऊन दार उघडून द्यायचं नाही हं. दार तिनेच उघडायचं. ताईला खरी मजा त्यातच येते."

"आणि त्या प्रार्थना?"

"नदी, कप्तान, सगळं रचलेलं. प्रार्थना तेवढी खरी. ती माझीच असते."

पडद्यापलीकडे भाचा फोनवर सांगत होता, "अजून आतच आहे, दादा, झालं की कळवतो."

"मग ती काय उत्तर देते कप्तानाला?" पुतणीने विचारलं.

"तिथेच तर घोडं अडलंय. खोटं बोलली तर ती ती राहत नाही. खरं बोलली तर ते पोरगं जिवानिशी जातं." त्या जरा पुढे झुकल्या. "तू बाहेर काय सांगणार आहेस?"

"जे तपासलं ते."

हॅलोबाईंनी मान हलवली. बरोबर आहे, अशी.

"अजून तपासून झालं नाही," पुतणी म्हणाली. "सरळ माझ्या नाकाकडे बघा. नाक दिसत नसलं तरी." तिने दोन्ही हात बाजूला लांबवून बोटं हलवली, वर, खाली, पार कानांच्या रेषेत. हॅलोबाईंनी प्रत्येक वेळी बिनचूक हात दाखवला. मग पुतणीने टेबलावर एक पेला ठेवून त्यात पाणी ओतायला सांगितलं. त्यांनी मान किंचित कलती केली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पेल्याकडे पाहिलं आणि काठोकाठ भरू न देता हात थांबवला.

"डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचं," पुतणी म्हणाली. "गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण काहींना इंजेक्शनांनी उरलेलं टिकवता येतं. इतके दिवस थांबायला नको होतं."

"रागाव. तुझा हक्कच आहे."

पडदा सरकवून दोघी बाहेर आल्या. काका गल्ल्यामागे एक फ्रेम पुसत होते. भाचा उठून उभा राहिला. हातात फोन होता.

"काय म्हणतायत डोळे?"

पुतणीने तोंड उघडलं, पण हॅलोबाई आधी बोलल्या.

"मला वाचता येत नाही रे. बरेच महिने झाले."

भाचा पुतणीकडे बघू लागला, मग मावशीकडे. "मग रोज मोठ्या मावशीला काय वाचून दाखवतेस?"

"मनातलं."

काका तीच फ्रेम पुन्हा पुसायला लागले.

"मधली नजर गेलीय," पुतणी म्हणाली. "अक्षर, सुई, समोरच्याचा चेहरा, हे नाही दिसणार. कडेची नजर शाबूत आहे. घरात वावरणं, जिना, गॅसचं बटण, पेला भरून दुसऱ्याच्या तोंडाला लावणं, हे सगळं येतं त्यांना. मी आत्ता तपासलंय. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगतील."

भाच्याने फोन या हातातून त्या हातात घेतला. "मोठ्या मावशीला ठाऊक आहे?"

"आज सांगणार आहे. घरी गेल्या गेल्या."

"आज नको."

"का बरं?"

भाचा खाली बघू लागला. "काल निघताना मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. बुटाच्या नाड्या बांधत. तो कप्तान पुलावर आला आणि तू म्हणालीस, बाकीचं उद्या."

काकांनी गल्ल्यावरून वाकून त्याच्या पायांकडे पाहिलं. "नाड्या? तुमच्या बुटांना तर नाड्याच नाहीत."

"दुसरे होते," भाचा म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मग मावशीकडे वळला. "त्या पाळकाचं काय होतंय ते आधी होऊ दे. मग सांग तिला. किती राहिलंय पुस्तक?"

हॅलोबाईंनी तोंड जरासं बाजूला वळवलं. त्याचा चेहरा शोधायची त्यांची आता तीच पद्धत असावी.

"ते तुझ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी एका घरात असू तोवर ते संपत नाही."

भाच्याने दादाला न कळवताच फोन खिशात टाकला, पुढे जाऊन दुकानाचं दार उघडून धरलं आणि बाहेरची पायरी आठवून घाईने मावशीच्या कोपराकडे हात नेला. पण हॅलोबाईंनी मान कलती केली होती. त्यांचा पाय केव्हाच पायरीवर पडला होता. त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने त्यांच्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं.

"जड आहे," तो म्हणाला, आणि त्यांच्या मागोमाग रस्त्यावर उतरला.